जबाबात न मावलेलं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते दिवसभर दिवाणी दावे चालवत आणि रात्री कविता वाचत. या दोन कामांसाठी दोन वेगळी माणसं लागतात, असं त्यांना कधी वाटलं नाही. म्हणून संयोजकांनी विषय विचारला तेव्हा दुसरं काही मनात आलंच नाही. कायदा आणि साहित्य यांचा एकत्र अभ्यास का करायचा, यावर मी आज बोलणार आहे. अभ्यासक्रमातला एक ऐच्छिक पेपर म्हणून या विषयाकडे पाहू नये, अशी सुरुवातीलाच विनंती. माझ्या मते हा वाचनाचा प्रश्न आहे, आणि कित्येकदा माणसाच्या स्वातंत्र्याचा.

सत्र न्यायालयात साक्ष कशी नोंदवली जाते हे सगळ्यांनीच पाहिलेलं नसतं, म्हणून ते आधी सांगतो. एखादी बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी आहे. सरतपासणी झाली, आता उलटतपासणी. आरोपीचे वकील विचारतात, ‘भांडण झालं तेव्हा तुम्ही घरात नव्हताच ना?’ ती म्हणते, ‘नव्हते कशी? चुलीपुढं होते. भाकरी टाकली होती, पोरगं रडायला लागलं म्हणून उठले, तेवढ्यात यांचा आवाज…’ वरून सांगितलं जातं, ‘बाई, होतात की नव्हता तेवढंच सांगा.’ ती म्हणते, ‘होते.’ मग टंकलेखकाला मजकूर सांगितला जातो आणि कागदावर उमटतं : ‘घटनेच्या वेळी मी घरात नव्हते, असे म्हणणे खरे नाही.’ हे वाक्य वकिलाचं आहे. त्याला जोडलेला नकार तिचा आहे. खाली सही किंवा अंगठाही तिचाच. भाकरी, पोरगं आणि अर्धवट राहिलेला तो आवाज मात्र कागदावर आला नाही.

हे कुणाच्या दुष्टपणानं होत नाही. बोर्डावर शंभर प्रकरणं असतात आणि साक्षीदार बोलू लागला की कुठल्या कुठं जातो, हे मीही पाहिलेलं आहे. पण कायद्याची भाषा पाहा. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २७६ सांगत होतं की, सत्र खटल्यातली साक्ष साधारणपणे निवेदनाच्या रूपात लिहून घ्यावी. नव्या संहितेतही ती तरतूद आहे. म्हणजे प्रश्न गळतात, उत्तरांची सलग हकिगत होते आणि ती ‘मी’ म्हणून बोलते. प्रथमपुरुषी निवेदन! साहित्याचा विद्यार्थी असा मजकूर समोर आला की पहिल्यांदा विचारतो : हा ‘मी’ कुणी रचला? कुठून सुरू केला, कुठं तोडला? कायद्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न आपण शिकवतच नाही. त्याला तो कागद म्हणजेच साक्ष वाटू लागते.

याच संहितेत कलम २८० होतं. साक्ष देताना साक्षीदाराचं वागणं कसं होतं, याबद्दल न्यायाधीशाला महत्त्वाचं वाटेल ते त्यानं नोंदवावं, असं ते सांगत होतं. साक्षीदार रडू लागली, उत्तर देण्याआधी बराच वेळ थांबली, आरोपीकडे पाहून गप्प झाली, हे लिहिण्याची सोय कायद्यानंच करून ठेवली आहे. आपल्या खालच्या न्यायालयांतल्या जबाबांमध्ये अशी टीप फार क्वचित दिसते. सोय आहे, पण पाहणाऱ्या डोळ्याला आपण तयार करत नाही.

न्यायालयाला काहीतरी सोडावंच लागतं. सगळं ऐकत बसलं तर निवाडा होणार नाही. पण काय सोडलं, ते सोडल्यामुळे निकाल कुठल्या बाजूला वळला आणि सोडलेलं पुढं कुठं जाऊन उभं राहिलं, हे तपासणं म्हणजेच कायदा आणि साहित्य यांचा अभ्यास, असं मी मानतो.

या अभ्यासाचा परदेशी इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो सहज वाचायला मिळतो. जॉन विगमोर या अमेरिकी कायदेपंडितानं १९०८ मध्ये वकिलांनी वाचाव्यात अशा कादंबऱ्यांची यादी छापली. न्यायाधीश बेंजामिन कार्डोझो यांनी १९२५ मध्ये निकालपत्रांच्या लेखनशैलीवर निबंध लिहिला. पण विद्याशाखा म्हणून खरी सुरुवात मानतात ती १९७३ ची, जेम्स बॉइड व्हाईट यांच्या ‘द लीगल इमॅजिनेशन’ या पाठ्यपुस्तकापासून. वकील हा मुळात लिहिणारा माणूस आहे, ही त्यांची भूमिका. पुढं दोन धारा झाल्या. एका धारेत साहित्यात आलेला कायदा वाचतात, दुसरीत कायदाच साहित्यासारखा वाचतात. रिचर्ड पोस्नर या न्यायाधीशानं १९८८ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहून या उत्साहावर पाणी ओतलं. कवितेला अनेक अर्थ असले तर ती समृद्ध होते, कायद्याला अनेक अर्थ फुटले तर पक्षकार बुडतो, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख. तो अर्धा मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर रॉबर्ट कव्हर यांनी १९८६ मध्येच देऊन ठेवलं होतं. न्यायाधीश अर्थ लावतो तेव्हा त्या अर्थामुळे कुणीतरी तुरुंगात जातं, कुणाचं मूल हिरावलं जातं, कुणी फासावर चढतं. समीक्षकाचं वाचन चुकलं तर दुसरा समीक्षक लेख लिहितो. न्यायाधीशाचं वाचन चुकलं तर तेवढ्यावर भागत नाही. म्हणून त्याला वाचायला जास्त नीट यायला हवं, कमी नव्हे.

आपल्याकडे हे नातं परदेशी पुस्तकं येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. ज्याला आज आपण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतो, त्याची सुरुवात पुण्यात १८७८ मध्ये भरलेल्या ग्रंथकारांच्या सभेनं झाली. ती भरवण्यात पुढाकार होता लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि महादेव गोविंद रानडे यांचा. दोघंही न्यायखात्यातले. शंभर वर्षांहून अधिक काळानंतर, २०२३ मध्ये, वर्ध्याच्या संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं तेही मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर यांनी. इतकं जुनं घरोब्याचं नातं असून विधी महाविद्यालयं आणि मराठीचे विभाग एकमेकांच्या दारात जात नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आता एक तिसरी धारा. परदेशी पाठ्यपुस्तकांत ती कडेला असते, आपल्याकडे ती मध्यावर आहे : साहित्यच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहणं.

१८९७ च्या जून महिन्यात ‘केसरी’त शिवाजी महाराजांच्या तोंडचे उद्गार असलेली एक कविता छापून आली. महाराज जागे होतात, आपल्या देशाची दशा पाहतात आणि विचारतात की हे काय झालं. आठवड्याभरानं पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरचा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. पुराव्यात ती कविता होती. सरकार पक्षाचं म्हणणं, हे चिथावणीचं लेखन आहे. बचावाला सांगायचं होतं की गेलेल्या थोर पुरुषाला बोलतं करून वर्तमानाबद्दल शोक करणं ही कवितेची जुनी रीत आहे. कवितेत बोलणारा ‘मी’ आणि पत्राचा संपादक हे एकच का? ज्यूरीतले सहा युरोपीय एका बाजूला आणि तिघे हिंदी दुसऱ्या बाजूला, असा कौल लागला. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. राजकारण त्यात होतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण खटल्याच्या गाभ्याशी एका कवितेचं वाचन होतं, आणि ज्यांना ती मराठीतून वाचता येत नव्हती त्यांचा कौल निर्णायक ठरला.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न अश्लीलतेकडे वळला. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ या संग्रहावर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली होती. तिच्यावरचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. उच्च न्यायालयानं दोषी धरलेल्या काकोडकरांना १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सोडलं. काकोडकरांची गणना उच्चभ्रू समीक्षक साहित्यिकांत करत नसत. तरीही देशाच्या सर्वात वरच्या न्यायालयानं त्यांची कथा पात्रांसकट, प्रसंगांसकट वाचली आणि समाजाच्या समकालीन मापानं ती तोलली, ही मला मोठी गोष्ट वाटते. पुढं १९८५ मध्ये समरेश बसूंच्या ‘प्रजापति’ या बंगाली कादंबरीच्या प्रकरणात न्यायालयानं वाचनाची रीतच घालून दिली : न्यायाधीशानं आधी लेखकाच्या जागी बसून त्याला काय सांगायचं आहे ते समजून घ्यावं, मग वेगवेगळ्या वयाच्या वाचकांच्या जागी बसावं. साहित्याच्या वर्गात पहिल्या वर्षी आम्ही हेच शिकवतो.

आणि तरी २०१५ साल आलं. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला होता’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात पुन्हा छापली गेली. अंक सभासदांपुरता होता. तक्रार झाली, खटला झाला आणि प्रकरण एकवीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं, तेही अर्धवटच. माफी मागितलेले प्रकाशक-मुद्रक सुटले. कवीवरचा खटला मात्र चालावा, असं न्यायालयानं म्हटलं. इतिहासात आदरणीय ठरलेल्या व्यक्तीच्या तोंडी किंवा तिच्या संदर्भात असभ्य शब्द आले तर अश्लीलतेची कसोटी अधिक कडक लावावी लागेल, असा नवा मुद्दा त्या निकालात आला. फली नरीमन यांच्यासारखे ज्येष्ठ विधिज्ञ न्यायमित्र म्हणून मदतीला होते. निकालपत्र लांबलचक आहे, त्यात कविस्वातंत्र्याची मोठी चर्चा आहे, देशोदेशीच्या साहित्याचे दाखले आहेत.

माझं या निकालाशी पटत नाही आणि ते स्पष्ट सांगायला हवं. गुर्जरांच्या कवितेतला गांधी म्हणजे साबरमतीच्या आश्रमातली व्यक्ती नव्हे. त्या नावाचं पुढं आपण काय केलं, कुणाकुणाच्या तोंडी ते कसकसं घोळलं, याची ती कविता आहे. तिच्यातला राग गांधींवर नसून आपल्यावर आहे. १८९७ मध्ये शिवाजी महाराजांच्या तोंडचे शब्द संपादकाच्या नावावर मांडले गेले, २०१५ मध्ये कवितेतल्या गांधीच्या भोवतीचे शब्द कवीच्या नावावर. दोन्ही वेळी अडलं ते एकाच ठिकाणी. कवितेत कोण बोलतंय, हा प्रश्न पुरेसा विचारला गेला नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा मराठी चित्रपट २०१४ चा. त्यात शाहीर नारायण कांबळेवर आरोप असतो की त्याचं गाणं ऐकून एका गटारसफाई कामगारानं जीव दिला. गाण्याचा शब्दशः अर्थ लावला जातो, गाणं हे गाणं आहे याची नोंद कुठं होत नाही. वीरा साथीदार यांनी तो शाहीर उभा केला. चित्रपट पाहताना प्रेक्षकांना वाटलं, असं कुठं होतं का? होतं.

पण साहित्य आरोपी म्हणून उभं राहतं, त्यापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते साहित्यानं साक्षीदार म्हणून उभं राहणं. इथं मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

१८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात मूल मारल्याचा खटला चालला. तिला फाशी सुनावली गेली, मग ती शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्यावर आली आणि शेवटी पाच वर्षांवर. विधवाविवाहाचा कायदा होऊन तोवर पंचवीस वर्षं झाली होती. १८५६ चा तो कायदा आणि पाठोपाठ १८५७ मध्ये आलेली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’. मराठीतली पहिली कादंबरी विधवांच्या दुःखावर लिहिली गेली, हा योगायोग नव्हे. कायद्यानं परवानगी दिली, पण परवानगी मिळूनही त्या दारातून कुणी जाईना. ज्या बायका अडकल्या होत्या त्यांच्यासाठी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. सरकारी कायद्याला जे दिसलं नव्हतं ते या दांपत्याला दिसलं होतं : बाळ मारणारी बाई राक्षसीण नसते, तिला जायला जागा नसते.

आता खुनाच्या गुन्ह्याचे घटक पाहा. मृत्यू झाला का, तो कुणी घडवला, हेतू होता का. मुलाचा बाप कोण, हा गुन्ह्याचा घटकच नाही. म्हणून तो प्रश्न आरोपपत्रात येत नाही, पंचनाम्यात येत नाही, निकालात येत नाही. कायद्याच्या दृष्टीनं हे अगदी बरोबर आहे. आणि नेमक्या या बरोबर असण्यातून एक माणूस संपूर्ण खटल्यातून नाहीसा होतो.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी तो माणूस शोधून काढला. विजयालक्ष्मीच्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली होती, आणि १८८२ मध्ये ताराबाईंचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून आलं. हे पुस्तक निबंध म्हणून, स्त्रीवादी जाहीरनामा म्हणून वाचलं जातं. मी ते वकिलाच्या नजरेनं वाचतो तेव्हा ती मला एक उलटतपासणी वाटते. स्त्रियांवर ठेवले जाणारे दोष ताराबाई एकेक करून हातात घेतात : साहस, कपट, अविचार, असे कितीतरी. प्रत्येक आरोपापाशी त्या थांबतात आणि समोरच्याला विचारतात की हा दोष तुमच्यात नाही का? जास्तच नाही का? ही भाषा शास्त्रार्थाची नाही, ती घरातली, अंगणातली, चिडून बोलणाऱ्या बाईची आहे, आणि तरी मुद्दा सुटत नाही. सुरतेच्या न्यायालयात जो प्रश्न असंबद्ध ठरला असता तोच त्यांनी मुख्य केला : त्या बाईला तिथवर नेणारा कुठं आहे? समकालीनांनी टीका केली. जोतीरावांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. मग पुस्तक विसरलं गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणलं. मधली कित्येक दशकं ही उलटतपासणी जवळपास कुणी वाचलीच नाही.

त्या मधल्या काळातच, १९६७ मध्ये, ‘रंगायन’नं विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, बेणारेबाई झाल्या सुलभा देशपांडे. नाटक मंडळी एका गावात प्रयोगाला आली आहेत, वेळ काढायचा आहे, सामंत नावाच्या गावकऱ्याला कोर्ट म्हणजे काय ते दाखवायचं आहे. म्हणून खोटा खटला. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. हसत हसत सुरू झालेला हा खेळ तिच्या खऱ्या आयुष्यात शिरतो. सुखात्मे वकील, काशीकर न्यायाधीश. आणि हे काशीकर मध्येच न्यायासनावरून उठून स्वतः साक्ष देतात! कायद्याच्या विद्यार्थ्यांना मी हा प्रवेश वाचायला लावतो तेव्हा ते चमकून वर बघतात. नैसर्गिक न्यायाचं पहिलं तत्त्व, कुणीही स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होऊ नये, हे त्यांनी पाठ केलेलं असतं. ते मोडलं की माणसाचा श्वास कसा कोंडतो, ते त्यांना तिथं कळतं.

खटल्यात प्रोफेसर दामले यांचं नाव वारंवार येतं. मुलाचा बाप तेच. पण ते गावाला आलेलेच नाहीत. साक्षीदार म्हणून पुकारलं तरी समोर कुणी नाही. सुरतेच्या खटल्यातला तो नाहीसा झालेला माणूस तेंडुलकरांनी रंगमंचावर आणला, गैरहजर म्हणूनच आणला, आणि प्रेक्षकाला ती गैरहजेरी दिसेल अशी मांडली. न्यायालयाच्या कागदावर गैरहजेरी फक्त एका ओळीत उरते. रंगमंचावर ती सगळ्यांच्या मध्ये उभी राहते.

शेवटी आरोपीला बोलायला दहा सेकंद मिळतात. त्या दहा सेकंदांत बेणारे बोलते ते दीर्घ स्वगत मराठी रंगभूमीवर अजून तसंच जिवंत आहे. ती बोलते तेव्हा बाकी सगळे जागच्या जागी गोठलेले असतात. प्रेक्षक ऐकतो, कोर्ट ऐकत नाही. आणि निकाल असा लागतो की तिच्या पोटातलं मूल नष्ट केलं जावं. भ्रूणहत्येच्या आरोपाखाली सुरू झालेला खटला भ्रूणहत्येचा हुकूम देऊन संपतो.

इथं एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. त्या काळात गर्भपाताच्या कायद्याची चर्चा चालू होती, शांतिलाल शहा समितीचा अहवाल नुकताच आलेला होता, १९७१ मध्ये कायदा झाला. म्हणजे साहित्यानं प्रश्न मांडला आणि कायद्यानं सोडवला? मुळीच नाही. बेणारेला मूल हवं होतं. तिला ते वाढवायचं होतं, त्यासाठी कुणीतरी नाव द्यावं म्हणून ती दारोदार गेली होती. १९७१ च्या कायद्यानं दिला तो गर्भपाताचा मार्ग, तोही गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचं कारण सांगायचं तर केवळ विवाहितेला. तो ‘विवाहित’ शब्द निघायला २०२१ ची दुरुस्ती यावी लागली. अविवाहित बाईनं मूल वाढवावं आणि नोकरीही टिकवावी, हा बेणारेचा प्रश्न त्या दुरुस्तीतही नाही. चांगलं साहित्य कायद्याच्या मसुद्याची आगाऊ प्रत नसतं. कायदा जिथं पोचल्यासारखा वाटतो, त्याच्या पुढंही माणूस उभा आहे, हे ते दाखवत राहतं.

आता शेवटचं उदाहरण. त्यात कादंबरी नाही, नाटक नाही, फक्त निकालपत्रं आहेत.

१९७२ च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. कायद्याच्या इतिहासात ते ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखलं जातं. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं १९७४ मध्ये आरोपी सोडले. नागपूर खंडपीठानं १९७६ मध्ये त्यांना दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. माझ्या वर्गात मी ही तिन्ही निकालपत्रं वाटतो आणि एकच काम सांगतो : प्रत्येक वाक्याचा कर्ता अधोरेखित करा. कोण काय करतं ते मांडा.

मुलांना जे सापडतं ते अंगावर येतं. खालच्या न्यायालयाच्या मजकुरात त्या मुलीच्या चारित्र्याबद्दलची विशेषणं साक्षीच्या मूल्यमापनात मिसळलेली दिसतात. ती अट्टल खोटारडी आहे, असा शेरा तिथं आहे. उच्च न्यायालय थांबून एक फरक करतं : भीतीपोटी गप्प राहणं वेगळं आणि संमती वेगळी. रात्रीच्या वेळी, चौकीत, ज्यांच्या हाती कायदा आहे अशा दोन अनोळखी माणसांसमोर ती मुलगी काय करू शकत होती, असं ते विचारतं. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात पुन्हा कर्ता बदलतो. अंगावर जखमा नाहीत, ओरडण्याचा आवाज नाही, प्रतिकाराची खूण नाही. वाक्यांमागून वाक्यं जे घडलं नाही त्याची येतात, आणि त्या ‘नाही’ची बेरीज ‘संमती’ होते. कायद्याच्या दृष्टीनं हा पुराव्याचा विचार आहे. पण वाचक म्हणून दिसतं की गोष्ट सांगणाऱ्यानं पाहण्याची जागा बदलली. उच्च न्यायालयानं चौकीच्या आत, त्या मुलीच्या जवळ उभं राहून पाहिलं होतं. आता चौकीच्या बाहेर उभं राहून, आवाज आला की नाही, एवढंच पाहिलं जात होतं.

१९७९ च्या सप्टेंबरमध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार. वसुधाताई म्हणजे ज्येष्ठ लेखिका गीता साने यांची मुलगी. त्या घरात बाईच्या जगण्याबद्दल मराठीतून निर्भयपणे लिहिलं जात होतं, आणि त्याच घरातल्या मुलीची त्या पत्रावर सही आहे, याची आठवण मला महत्त्वाची वाटते. त्या पत्रात नवा पुरावा नव्हता. चौघांनी निकालपत्र वाचलं होतं, इतकंच. ते परिच्छेद-परिच्छेद वाचून त्यांनी दाखवलं की शरण जाणं आणि संमती देणं यांच्यातली रेघ मजकुरातून कुठं पुसली गेली, आणि त्या मुलीचं वय, गरिबी, ती वेळ आणि ती जागा हे सगळं विश्लेषणातून कसं गळालं.

त्या पत्रानं पुनर्विचार झाला नाही. पण रस्त्यावर बायका आल्या, मुंबईत १९८० मध्ये बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, मथुरेचं नाव गावोगावच्या सभांतून घेतलं गेलं. १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीवर अत्याचार झाल्याचा आरोप असेल, शरीरसंबंध सिद्ध असेल आणि संमती नव्हती असं ती सांगत असेल, तर संमती नव्हती असंच न्यायालयानं गृहीत धरावं, हे पुरावा कायद्याच्या कलम ११४-अ मध्ये आलं. कागदावर ज्या बाईचं म्हणणं सगळ्यात हलकं धरलं गेलं होतं, तिच्या शब्दाला कायद्यानं त्या एका प्रसंगापुरतं वजन दिलं.

माझ्या वर्गातले विद्यार्थी इथं नेहमी एक प्रश्न विचारतात. एखादीनं शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून ती संमती ठरत नाही, हे साधं वाक्य कायद्यात मुळातच का नव्हतं? मग आम्ही पुन्हा तारखा लावून पाहतो. ते वाक्य चौघा प्राध्यापकांच्या पत्राच्या गाभ्याशी १९७९ मध्येच होतं. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५ च्या स्पष्टीकरणात ते यायला २०१३ उजाडलं.